कुठलं पान वाचू?

"खूप छान आहे, एकदा नक्की वाच." एखाद्या पुस्तकाबद्दल कुणी असं म्हटलं की माझा त्यातला रस निम्म्याने उतरतो. सांगणाऱ्याचा यात फारसा दोष नसतो. पुस्तक नुकतंच मिटलेलं असतं, आत बरंच काही चाललेलं असतं, ते लगेच शब्दांत येत नाही. मग हाताशी असलेले तयार शब्द पुढे होतात. वाचनीय. हृदयस्पर्शी. संग्रही असावं असं. हे शब्द ज्ञानेश्वरीलाही चालतात आणि पाककृतींच्या पुस्तकालाही. ऐकणाऱ्याला कळतं ते एवढंच, की समोरच्याने एक पुस्तक वाचलं आणि आता त्याला आपल्याकडून 'हो का?' हवं आहे.

लष्करात आम्ही काही मराठी वाचणारी माणसं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला म्हणून ग्वाल्हेरच्या या भागाचं नाव लष्कर. त्या तळाबरोबर आलेल्या कारकून, भिक्षुक आणि शिलेदारांच्या वंशातली आमच्यातली बरीच मंडळी आहेत. आम्ही स्वतःला मंडळ म्हणवून घेत नाही. मंडळ म्हटलं की अध्यक्ष आला, वर्गणी आली आणि गणपतीच्या वेळचे जुने वाद आले. आमच्यात आहेत एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीतून निवृत्त झालेले एक काका, शाळा चालवून दमलेल्या एक वहिनी, वाडा विकून फ्लॅटमध्ये आलेले पण बोलण्यात वाडा शाबूत ठेवलेले एक सरदारसाहेब, नोएडाला नोकरी करणारी आणि सुट्टीला घरी येणारी एक मुलगी, आणि नव्वदीकडे झुकलेल्या आजी. १९६१ साली ग्वाल्हेरला साहित्य संमेलन भरलं तेव्हा आजी तिथे होत्या. अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, म्हणजे त्या खुर्चीत बसलेली पहिली बाई. भाषण कसं झालं असं विचारलं की आजी सरळ सांगतात, "ते कोणाला आठवतं? आम्ही त्यांना बघायला गेलो होतो."

आजींना आता दिसत नाही. आमचा एकमेव नियम थोडासा त्यांच्यामुळे आला आणि बराचसा एका गृहस्थांमुळे. या गृहस्थांनी चार पिढ्यांची एक कादंबरी पणजोबांपासून सांगायला घेतली. दिवेलागण झाली तरी आजोबांची मुंज व्हायची होती. त्या दिवशी वहिनींनी फर्मान काढलं: यापुढे ज्याने पुस्तक वाचलं त्याने त्यातलं एकच पान मोठ्याने वाचायचं आणि हेच पान का, एवढंच बोलायचं. कथानक नाही, लेखकाची जन्मतारीख नाही, पाचपैकी साडेतीन असले गुण नाहीत. तेव्हापासून कुणी पुस्तक काढलं की आजी विचारतात, "कुठलं पान वाचतोस?"

ऐकायला सोपं वाटतं, पण घरी पान निवडायला बसलं की घाम फुटतो. एरवी आपल्याला आवडलेल्या पुस्तकातलं नेमकं काय आवडलं, हे आपण स्वतःलासुद्धा विचारत नाही. पानावर बोट ठेवायची वेळ आली की पुष्कळ पुस्तकं हळूच मागे सरकतात.

इथे मराठी पुस्तक सहज हाती लागत नाही. हल्ली पार्सल घरपोच येतात, तरी आमची बरीच पुस्तकं अजून पुण्याहून झेलमने नाहीतर गोवा एक्स्प्रेसने, कुणाच्या तरी बॅगेत बाकरवडीच्या पुड्याखाली दबून येतात. परतीच्या बॅगेत गजक जाते. त्यामुळे एक प्रत दहा हातांतून फिरते आणि तिच्या समासात पेन्सिलीच्या खुणा साठत जातात. काकांच्या खुणा आकड्यांपाशी, वहिनींच्या उद्गारचिन्हांनी भरलेल्या. सरदारसाहेब खूण करत नाहीत, पान दुमडतात, आणि त्यावरून दरवेळी बोलणी खातात.

या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त फिरलं ते विष्णुभट गोडश्यांचं 'माझा प्रवास'. नाव सगळ्यांना ठाऊक होतं, सत्तावन्नचं प्रत्यक्षदर्शी वर्णन म्हणून त्याचा दाखला कुठे ना कुठे वाचलेला होता, आणि नीट वाचलेलं जवळजवळ कुणीच नव्हतं. प्रसिद्ध पुस्तकांच्या नशिबी हे येतंच.

कोकणात पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक. घरावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, असं कानावर आलं, म्हणून तो आपल्या काकांना बरोबर घेऊन १८५७ मध्ये उत्तरेकडे चालू लागला. बंड बघायला तो निघालाच नव्हता. वाटेत महूजवळ शिपाई भेटले आणि पुढे काय होणार आहे ते त्यांच्याकडून कळलं, तेव्हा परत फिरण्याइतकी शहाणी माणसं ती नव्हती, किंवा कर्ज तेवढं मोठं होतं. यज्ञ राहिला बाजूला. उज्जैन, ग्वाल्हेर करत हा माणूस झाशीला पोचला, राणीच्या आश्रयाला राहिला आणि वेढ्यात अडकला.

मला या पुस्तकाचा सगळ्यात मोठा गुण हाच वाटतो, की त्याचा लेखक शूर नाही. त्याला जीव वाचवायचा आहे आणि कमरेला बांधलेले पैसे घरी न्यायचे आहेत. तो घाबरतो, लपतो, लुटला जातो, पुन्हा थोडं मिळवतो, पुन्हा लुटला जातो. इतिहास सांगायला बसलेल्या माणसाचा गळा मधूनच भरून येतो तेव्हा मी थोडी सावध होते. इथे गळा भरून यायला लेखकाला फुरसतच नाही.

काकांनी अर्थातच दक्षिणेचं पान वाचलं. कुणी किती दिलं, त्यातलं किती उरलं. "हा माणूस आमच्या ऑफिसात हवा होता," म्हणाले. वहिनींनी थंडीचं पान काढलं. झाशीत कडाका पडला, राणीने भिकाऱ्यांना उघडं कुडकुडताना पाहिलं आणि गोरगरिबांना टोप्या, बंड्या, घोंगड्या वाटायचा हुकूम दिला. वहिनी म्हणाल्या, "घोड्यावरची राणी चौकाचौकात आहे. घोंगड्यांचा हुकूम देणारी कुठे आहे? त्या हुकुमामागे कोठार आलं, शिंपी आला, यादी आली. मी शाळेत स्वेटर वाटलेत. मला माहितीये हे किती कटकटीचं काम आहे." त्या दिवसानंतर मला राणीच्या दरबाराचं चित्र वेगळं दिसतं. तलवारी थोड्या मागे जातात आणि पुढे कुणीतरी घोंगड्या मोजत बसलेलं असतं.

नोएडावाल्या मुलीने विहिरीचं पान वाचलं. झाशी पडली आहे, पुढच्या लढाया चालू आहेत, आणि काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी गोडश्याला अचानक राणी भेटते. पठाणी पोशाख, सगळं अंग धुळीने माखलेलं, तहानेने जीव कासावीस. हा पाणी शेंदायला पुढे होतो. ती त्याला थांबवते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी शेंदू नका म्हणते, स्वतः शेंदते आणि ओंजळीने पिते. मग आपल्या दैवाबद्दल दोनचार वाक्यं बोलते आणि निघून जाते.

ती मुलगी हिंदी माध्यमात शिकलेली. लिपी एकच, त्यामुळे तिचं अक्षर अडत नाही, पण जुनं मराठी गद्य ती सावकाश, बोट ठेवून वाचते. त्या वाचण्याने या पानाचं सोनं झालं. एरवी आपण असे उतारे सराईतपणे उरकतो. ती प्रत्येक शब्दाशी थांबत होती. बाहेर जूनची लू, कूलरमधलं पाणी संपलेलं, पारा पंचेचाळीसच्या वर. बुंदेलखंडात आणि इथे उन्हाळ्यातली तहान म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. तिने पुस्तक मिटलं तेव्हा सरदारसाहेब उठून माठाकडे गेले, आणि त्यांच्यामागे आम्ही सगळेच.

माझं पान वेगळं होतं. मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला आणि एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं. मग कत्तल आणि लूट. आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड, धान्य. त्या लुटीत झाशीचा ग्रंथसंग्रहही गेला. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या पोथ्या, ज्यांच्या नकला करून न्यायला दूरदूरचे पंडित येत, त्या उधळल्या गेल्या. स्वतःचे पैसे गेल्याची हळहळ गोडसे पुस्तकभर करतो, पण या ठिकाणी ती हळहळ वेगळ्या जातीची आहे. या माणसाला दक्षिणेपलीकडे काय मोलाचं वाटत होतं ते इथे कळतं. मी हे पान वाचलं तेव्हा आजी म्हणाल्या, "परत वाच." परत वाचलं.

पंचाईत झाली ती पुढच्या वेळी. काकांनी आपल्या जुन्या, बांधणी सुटलेल्या प्रतीतून एक परिच्छेद वाचला आणि मी माझ्या पुण्याहून आलेल्या प्रतीत तो शोधत बसले. प्रसंग तोच, पण वाक्यं वेगळी. काकांना वाटलं माझी प्रत संक्षिप्त आहे. मला वाटलं त्यांची. बराच वेळ आम्ही दोघंही तावातावाने आपापल्या पुस्तकाची वकिली करत होतो.

घोळ असा आहे. गोडश्याने हे लिहिलं ते घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी १९०७ मध्ये ते छापलं, पण भाषेवर हात फिरवून आणि काटछाट करून. इंग्रजांचं राज्य, विषय सत्तावन्नचा, त्यामुळे सांभाळून घेणं आलंच. मूळ हस्तलिखितावरून जशीच्या तशी आवृत्ती निघाली ती १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाखाली. काकांकडे वैद्य होते, माझ्याकडे पोतदार. हे वैद्य एके काळी ग्वाल्हेर संस्थानाचे मुख्य न्यायाधीश होते असं मी सांगितलं, तर काका खूश होऊन म्हणाले, "म्हणजे बघा! न्यायाधीशाने साक्षीदाराची जबानी दुरुस्त केली!"

मी मूळ पाठाच्या बाजूची. वैद्यांचा गोडसे नीटनेटका बोलतो. मुळातला गोडसे धापा टाकत बोलतो, वाक्य संपवायच्या आत दुसऱ्याला हात घालतो. माझा अंदाज असा, की कागदावर येण्याआधी हा प्रवास वरसईच्या ओटीवर त्याने वर्षानुवर्षं सांगितला असणार. कुठे थांबायचं, कुठे दोन शब्द जास्त सांगायचे, हे त्याला ऐकणाऱ्यांनीच शिकवलं असेल. म्हणूनच हे पुस्तक मोठ्याने वाचताना फुलतं. वैद्य नसते तर पुस्तकच नसतं, हे काकांचं म्हणणंही खरं. वाद मिटलेला नाही. आता दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचतो, आणि एकाच प्रसंगाची दोन पानं वाचायची मुभा वहिनींनी फक्त या पुस्तकापुरती दिली आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने सत्तावन्नबद्दल वाचायचं म्हणजे एका ठिकाणी चपला काढून हलके चालावं लागतं. जून १८५८ मध्ये तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी ग्वाल्हेरवर आले तेव्हा इथले महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. त्यांचं सैन्य मात्र बंडवाल्यांना मिळालं. सुभद्राकुमारी चौहानांची हिंदी कविता इथल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असते, आणि तिच्यात इंग्रजांच्या या मित्रावर एक झणझणीत ओळ आहे. सरदारसाहेब सांगतात, त्यांच्या शाळेत ती ओळ जवळ आली की मास्तर खिडकीबाहेर बघायला लागत. आम्ही हसलो. मग ते म्हणाले, "पण फौज तर आपलीच गेली ना तिकडे! तिच्यावर का नाही कुणी ओळ लिहिली?" त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या पागेत होते. त्या जूनमध्ये ते महाराजांबरोबर आग्र्याच्या वाटेवर होते की बंडवाल्यांबरोबर मुरारच्या, हे त्यांच्या घरात कुणी कधी स्पष्ट सांगितलेलं नाही. गोडश्यातही ते सापडायचं नाही, कारण ग्वाल्हेरची लढाई त्याने पाहिलेली नव्हती, तोवर तो दुसरीकडे निघून गेला होता. इथलं सगळं त्याने ऐकून लिहिलं.

सरदारसाहेबांनी त्या दिवशी पान वाचलंच नाही. कुठलंच पान त्यांना हवं ते सांगत नव्हतं, असं मला वाटतं.

राणी पडली ती इथे, फूलबागेपाशी. तारीख १७ की १८ जून यावर अजून वाद घालता येतो, मेळा १८ला भरतो. समाधी आमच्या रोजच्या रस्त्यावर आहे. भाजी आणायला, बँकेत जायला त्यावरूनच जातो. भा. रा. तांब्यांची 'रे हिंदबांधवा' ही कविता याच समाधीवरची. तांबे आमचे, म्हणजे मुंगावलीत जन्मले, ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ मध्ये गेले. वाटसरूला ते तिथे थांबून दोन अश्रू ढाळायला सांगतात. हल्ली थांबलात तर मागचा ऑटोवाला जे बोलेल ते ऐकून अश्रू ढाळावे लागतील.

गोडश्यापाठोपाठ तांबे वाचावेत ही सूचना आजींची. आणि इथे आमचा नियम पार कोलमडला. तांब्यांच्या कविता आपण कविता म्हणून वाचलेल्याच नसतात. 'मावळत्या दिनकरा' उघडलं की पहिल्या शब्दापासून कानात लताबाई. चाल बाजूला ठेवून नुसते शब्द वाचायचे ठरवले तर जीभ अडखळते. कवींनीच कवितांवर राग लिहून ठेवलेत, त्यामुळे गाऊ नका असं कुणाला सांगायचं? त्यातून हे गाव ख्यालाचं. इथे समोर कविता वाचली जात असताना मांडीवर ताल न धरता बसणं ही शिक्षा आहे. काकांनी हिंमत करून 'जन पळभर म्हणतिल' अगदी कोरडं, नोटशीट वाचावी तसं वाचलं. पहिल्या कडव्याला मुलगी खुदकन हसली. दुसऱ्यानंतर कुणी हसलं नाही. आपण गेल्यावर जगाचं काहीही अडत नाही, हे चालीत ऐकताना गोड वाटतं, कारण चाल आपल्याला कुरवाळत असते. निवृत्त लेखापालाच्या आवाजात ते नुसतं खरं वाटलं.

समाधीवरच्या कवितेबद्दल मात्र माझं मन दुभंगलेलं आहे. ती ऐकताना अंगावर काटा येतो आणि लगेच मला त्या काट्याचा संशय येतो. तांब्यांची राणी ज्योत आहे, तिला तहान लागत नाही. मला विहिरीवरची आवडते. वहिनींना हे पटत नाही. त्यांच्या मते ज्योत नसती तर त्या विहिरीवरच्या बाईची आठवण कुणी ठेवली असती? यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. फक्त इतकंच, की समाधीपाशी उभं राहिलं की मला कविता आठवते, आणि घरी माठातलं पाणी ओतताना गोडसे.

मधे एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरीही आमच्यात येऊन गेली. नाव घेत नाही. तिच्यात सगळे जण सतत पल्लेदार बोलतात, अगदी पाणी मागतानासुद्धा. कुणालाच तिच्यातलं एक पान निवडता आलं नाही. प्रत्येक पान दुसऱ्यासारखंच होतं. वहिनींनी ती फार न बोलता परत पाठवली, झेलमनेच.

आणि मग 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची ही छोटी कादंबरी १९३९ची, म्हणजे महायुद्ध सुरू झालं त्याच सालातली. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, आणि त्यांच्यातली हॅर्टा. ही नोएडावाल्या मुलीने आणली. वाचली होती मोबाइलवर, पण आमच्यासाठी छापील प्रत मागवून आणली. आजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठलं पान वाचतेस?"

"नाही वाचणार."

सरदारसाहेब सावरून बसले. आजवर नियम असा उघड कुणी मोडला नव्हता.

"एक पान काढलं तर बाकीची पानं रागावतील," ती म्हणाली. "आणि शेवटाजवळचं तर मी मोठ्याने वाचूच शकत नाही. तुम्ही वाचून घ्या, मग बोलू. आजी, तुम्हाला मी रोज रात्री फोनवरून वाचून दाखवते."

ना छान म्हणाली, ना नक्की वाचा. एका मराठी तरुणाची आणि एका निर्वासित मुलीची गोष्ट आहे, इतपत आम्हाला ठाऊक होतं. त्यापलीकडे तिने एक अक्षर काढलं नाही. एखाद्या पुस्तकासाठी आमच्यात इतकी ओढाताण मी पाहिलेली नाही. काकांनी सगळ्यात आधी पळवलं आणि तिसऱ्या दिवशी आणून दिलं. आत एकही पेन्सिलीची खूण नव्हती. विचारलं तर म्हणाले, "यात मोजण्यासारखं काही नव्हतं," आणि चष्मा पुसत बसले. सरदारसाहेबांनी एकही पान दुमडलं नाही. आजी रोज रात्री नऊच्या सुमाराला फोन स्पीकरवर टाकून बसतात आणि घरातल्यांना टीव्ही बंद करायला लावतात. सून कुरकुरते, पण तिथेच भाजी निवडत बसते असं ऐकलं.

छापील प्रत सध्या वहिनींकडे आहे, त्यानंतर माझा नंबर. परवा चौकशीला फोन केला तर म्हणाल्या, "आत्ता नको बोलूस, थोडीच पानं राहिलीत," आणि त्यांनी फोन ठेवून दिला.